देवगडच्या पावसात टिकेल असा खिशातला चाकू: पोलाद कुठलं घ्यावं?

हापूसवाला

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात खाडीच्या अंगाला आमची कलमांची बाग आहे. बाग चढणीला, घर खाली. सकाळी एकदा वर गेलं की जेवणापर्यंत उतरणं होत नाही, आणि खिशात चाकू नसला की काहीतरी अडतंच. सुतळी, नायलॉनची दोरी, खताच्या गोणीची शिवण, फवारणीच्या पंपाचा पाइप, पुठ्ठ्याचे खोके, एखादी वाळकी काडी, आणि मध्येच भूक लागली तर कैरी. मोठं काम कोयत्याचं आहे, त्याबद्दल विचारत नाहीये.

गेल्या वर्षी ऑनलाइन एक घडीचा चाकू घेतला. पात्यावर 'डी २' कोरलेलं. उन्हाळाभर छान चालला, खोके तर लोण्यासारखे फाडायचा. पावसाळ्यात रेनकोटच्या खिशात राहिला आणि पात्यावर सुईने टोचल्यासारखे काळे ठिपके आले. बिजागरीतून लालसर पाणी निघतं ते वेगळंच. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, साहेब, हे सेमी स्टेनलेस आहे. म्हणजे अर्ध्या भागाला गंज माफ, असं काही आहे का?

आता नवा घ्यायचाय. वाचायला बसलो तर डोकं गरगरलं: ८सीआर१३एमओव्ही, १४सी२८एन, एस३५व्हीएन, एम३९०, मॅग्नाकट. एकजण म्हणतो स्टेनलेसला धारच राहत नाही, दुसरा म्हणतो कार्बन पोलाद कोकणात आणूच नका. आमच्या गावचा लोहार म्हणतो, ट्रकचा कमानपाटा आणून दे, जन्माचा चाकू करून देतो. बजेट तीन हजार. पटलं तर पाचपर्यंत ताणेन. धारेचं म्हणाल तर सायकलवाला धारवाला महिन्या-दोन महिन्यांनी येतो, त्याच्याकडूनच लावून घेतो.

जाणकारांनी सांगावं.

पातेवेडा

मॅग्नाकट घे आणि विषय संपव. मी सिॲटलला असतो, शनिवार-रविवार समुद्रात कयाक घेऊन जातो. माझा चाकू खाऱ्या पाण्यात भिजतो, तसाच वाळतो, आणि आजवर त्यावर डाग नाही. लॅरिन थॉमस नावाच्या धातुशास्त्रज्ञाने हे पोलाद खास चाकूंसाठी डिझाइन केलं, २०२१ मध्ये बाजारात आलं. पावडर मेटलर्जीचं आहे. म्हणजे वितळलेल्या पोलादाचा फवारा मारून त्याची भुकटी करतात, मग ती उष्णतेत दाबून घट्ट लादी बनवतात, त्यामुळे आतला कण बारीक आणि सगळीकडे सारखा राहतो. कडकपणा ६२ एचआरसीच्या (रॉकवेल मशीनवर मोजलेला कडकपणाचा आकडा) आसपास ठेवूनही तुकडा उडत नाही.

अगदी समुद्राकाठचंच काम असेल तर एलसी२००एन नावाचं नायट्रोजनवालं पोलाद बघ. ते गंजवायचं म्हटलं तरी सहज गंजत नाही, धार मात्र मॅग्नाकटइतकी टिकत नाही.

हो, किंमत तुझ्या बजेटच्या बरीच वर जाईल. पण एकदाच घ्यायचं तर चांगलं घ्यावं या मताचा मी आहे.

भट्टीवाले काका

पातेवेडा यांनी पोलादाबद्दल लिहिलंय ते बरोबर आहे. फक्त ज्याच्या गावात धारवाला सायकलवर येतो त्याला मॅग्नाकट देऊन उपयोग काय, हे त्यांनी सांगितलं नाही.

भोसरीत हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये माझी सगळी नोकरी झाली. डाय, पंच, शिअर ब्लेड, गेज यांना कडक करणं हा रोजचा धंदा. तुमचं डी २ आमच्याकडे एचसीएचसीआर, म्हणजे हाय कार्बन हाय क्रोमियम, या नावाने यायचं, ढिगाने. पत्रा कापायच्या डायला त्याच्यासारखं पोलाद नाही. दीड टक्का कार्बन, बारा टक्के क्रोमियम. बारा म्हटलं की लोकांना वाटतं स्टेनलेस हाताशी आलं. पण इतका कार्बन असला की तो क्रोमियमला धरतो आणि दोघांचे कठीण कण तयार होतात, त्यांना कार्बाइड म्हणतात. कार्बाइडमध्ये गेलेलं क्रोमियम झिजेला तोंड देतं, गंजाला अडवायला येत नाही. गंज अडवतं ते बाहेर मोकळं राहिलेलं क्रोमियम, आणि डी २ मध्ये ते पुरेसं उरत नाही. घाटावर कोरड्या हवेत कळत नाही, खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात कळतं. मीठ असलं की गंज सरसकट चढत नाही, एकेका जागी भोक पाडत आत जातो. तुझे काळे ठिपके तेच.

मॅग्नाकटमध्ये क्रोमियम १०.७ टक्केच आहे, डी २ पेक्षा कमी. पण तिथे कार्बन व्हॅनेडियम आणि नायोबियमने उचललेला असतो, त्यामुळे क्रोमियम जवळजवळ सगळं मोकळं. बारा टक्केवालं गंजतं आणि पावणेअकरावालं नाही, ते यामुळे. नुसता टक्का वाचून माल घेऊ नकोस.

आता तुझ्या प्रश्नातलं जे वाक्य तू शेवटी ओघात लिहिलंस, माझ्या मते सगळा प्रश्न तिथेच आहे. धार कशावर लावतोस? मी चाकू घेणाऱ्याला आधी दगड विचारतो, मग पोलाद सांगतो.

धारवाल्याचं चाक कोरडं असतं. पात्याचं टोक पातळ, उष्णतेला पळायला जागा नाही, दोन सेकंदांत तिथे चटका बसतो. साध्या कार्बन पोलादाचं पातं कडक केल्यावर आम्ही १८० ते २०० अंशांवर टेंपर करतो, म्हणजे ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा तापवतो. त्याच पात्याला चाकावर निळा रंग आला की समज तिथलं तापमान ३०० च्या घरात गेलं, म्हणजे टेंपर पुन्हा झाला आणि तेवढा भाग मऊ पडला. क्रोमियमवाल्या पात्यावर निळा रंग आणखी वर गेल्यावर दिसतो, तेव्हा तिथे दिसला तर जास्तच वाईट. डी २ ही उष्णता बऱ्यापैकी सोसतं. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सचं किंवा फ्रान्सच्या ओपिनेलचं पातं नाही सोसणार. आपल्या चाकूचं टोक उजेडात बघ, जांभळट झाक आहे का.

म्हणून घरी दगड आण. हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा करडा कार्बोरंडम मिळतो, एक बाजू खरखरीत, एक बारीक. तुझ्या कामाला तो पुरे. पण एस३५व्हीएन, एम३९० असल्या पोलादांत व्हॅनेडियमचे कार्बाइड असतात. ते ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडापेक्षा कठीण. असला दगड घासत बसलास तर भोवतालचं पोलाद निघतं आणि कार्बाइड जागेवर उघडे पडतात. धार आल्यासारखी वाटते, टिकत नाही, आणि माणूस पोलादाला शिव्या देतो. अशा पात्यांना डायमंड प्लेट लागते. ती घ्यायची तयारी असेल तर खुशाल महाग पोलाद घे.

नसेल तर तुझ्यासाठी माझी निवड सँडविकचं १४सी२८एन. स्वीडनचं आहे, कंपनीने २०२२ पासून आलेइमा नाव घेतलंय पण बाजारात सगळे सँडविकच म्हणतात. कार्बन ०.६२ टक्के, क्रोमियम १४, आणि चिमूटभर नायट्रोजन. नायट्रोजनही कडकपणा आणतो, आणि क्रोमियमला कार्बनसारखा अडकवून ठेवत नाही. कार्बाइड बारीक आणि थोडे, म्हणून धार पातळ घासली तरी तुकडे उडत नाहीत. ५८ ते ६० एचआरसीला छान बसतं. ते न मिळालं तर त्याचाच थोरला भाऊ १२सी२७. पुठ्ठा कापण्यात डी २ याच्या पुढे जाईल, हे मान्य. पुठ्ठ्यात खनिज भुकटी असते, ती धार झिजवते आणि तिथे मोठे कार्बाइड कामाला येतात. पण डी २ बोथट झालं की तू धारवाल्याची वाट बघतोस, आणि हे बोथट झालं तर संध्याकाळी ओसरीवर बसून दगडावर चार फेऱ्यांत परत येतं.

व्हिक्टोरिनॉक्सबद्दल लोक नाक मुरडतात. त्यांचं पोलाद १.४११०, पातं ५६ एचआरसीच्या आसपास. हे मुद्दाम आहे. आतली स्प्रिंग तर त्याहून मऊ, ४९ च्या आसपास, कारण तिला वाकून परत यायचं असतं. एकाच चाकूत प्रत्येक भागाला वेगळा कडकपणा देणं आणि लाखोंच्या संख्येत तो राखणं, हे काम किती अवघड आहे ते भट्टीसमोर उभं राहिलेल्यालाच कळतं. ती धार लवकर वळते, तुटत नाही. वळलेली धार चामड्याच्या पट्ट्यावर ओढली तरी सरळ होते.

आणखी एक. पात्यावर नाव कोरायला काही लागत नाही. आमच्या शॉपमध्ये पोरं कौतुकाने नवे चाकू आणायची आणि मी रॉकवेल मशीनवर ठेवायचो. दीडशे किलोच्या दाबाने हिऱ्याचा शंकू पात्यात शिरतो, टिंबाएवढा खड्डा पडतो आणि काटा आकडा दाखवतो. 'डी २' कोरलेला एक चाकू ५४ ला थांबला. खऱ्या डी २ ला साठाच्या जवळ जायला काहीच अडचण नसते. एक तर ते डी २ नव्हतं, नाहीतर कुणीतरी भट्टीतून घाईत काढलं होतं. उत्तम पोलाद आणि घाईची भट्टी यापेक्षा साधं पोलाद आणि नीट भट्टी मी केव्हाही घेईन. त्यामुळे ज्या कंपन्या एकच पोलाद वर्षानुवर्षं वापरतात त्यांच्यावर माझा भरवसा जास्त. त्यांचा हात त्या पोलादावर बसलेला असतो.

लोहाराच्या कमानपाट्याचं: त्यात कार्बन साधारण अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर असतो. चिवट, दणका सोसणारं. त्याचा कोयता करून घे, डोळे झाकून. खिशातल्या पातळ पात्याला ते पोलाद कमी पडतं, आणि पहिल्याच पावसात लाल होईल ते होईलच. जुन्या बेअरिंगच्या रिंगचं ईएन ३१ असेल तर गोष्ट वेगळी. त्यात एक टक्का कार्बन असतो, धार अप्रतिम येते. गंजतं मात्र तेही.

कलमवाली

काका, बाकी सगळं पटलं. पण 'गंजतं' म्हणून कार्बन पोलाद तुम्ही दोन वाक्यांत बाजूला सारलंत, त्यावर जरा बोलते.

आमची लांज्याजवळ रोपवाटिका आहे. आमचं कोय कलमांचं काम ऐन पावसातच असतं. कोय रुजून आलेलं रोप पंधरवड्याचं, पानं अजून तांबूस, देठ पेन्सिलीपेक्षा बारीक. त्याचा शेंडा छाटून मधोमध चार-पाच सेंटिमीटरची चीर द्यायची, आणि त्यावर बांधायच्या हापूसच्या काडीला तेवढीच दोन्ही बाजूंनी पाचर काढायची. पाचर एका ओढीत निघाली पाहिजे. दोनदा चाकू फिरला की पृष्ठभाग लाटांसारखा होतो, मध्ये हवा राहते, आणि पट्टी कितीही घट्ट बांधा, सांधा काळा पडतो. चाकू बोथट असेल तर पेशी कापल्या न जाता चेंगरतात. तेव्हा मला खोके किती फाटतील याच्याशी काही देणंघेणं नाही, मला वस्तऱ्यासारखी धार हवी. ती सगळ्यात सहज कार्बनच्या पात्यावर येते. जर्मनीच्या टीना कंपनीचे कलमचाकू कार्बन पोलादाचेच असतात. एका बाजूने सपाट, एकाच बाजूने उतार. सपाट बाजू लाकडाला लागून राहते म्हणून पाचर सरळ निघते. दोन्हीकडून उतार असलेला खिशातला चाकू कितीही चांगल्या पोलादाचा असो, हातात वळतो.

गंजाचं म्हणाल तर आमच्या मुली दर दहा-बारा कलमांनंतर पातं स्पिरिटच्या बोळ्याने पुसतात. रोग एका रोपाचा दुसऱ्याला जाऊ नये म्हणून पुसायचं असतं, त्यात चीकही निघतो आणि पातंही कोरडं राहतं. संध्याकाळी खोबरेल. पातं राखाडी-निळसर झालंय, पण लाल कधी नाही. रेनकोटच्या खिशात ओला टाकून विसरलात तर मात्र कुठलंच कार्बन पातं वाचणार नाही.

आमचे जुने कलमकार करवतीच्या पात्याचे चाकू वापरतात. हायस्पीड स्टील, कोरड्या चाकावर घासलं तरी मऊ पडत नाही, काकांना माहीत असेलच. फक्त हल्लीची हाताच्या करवतीची पाती बरीचशी बायमेटल असतात, दातांची कडा तेवढी हायस्पीड आणि पाठीला साधं स्प्रिंगचं पोलाद जोडलेलं. दात घासून काढले की चांगला माल गेला आणि हातात नुसती पाठ उरली. पॉवर हॅकसॉचं जुनं, जाड, अखंड पातं मिळालं तरच करून घ्या.

हापूसवाले दादा, तुम्हाला दोन चाकू लागतील. कलमाचा चाकू सुतळीला लावू नका. सुतळीत माती असते. आणि कार्बनच्या पात्याने कैरी कापलीत तर फोडी काळ्या पडतील आणि तोंडाला लोखंडाची चव येईल. खिशातला चाकू स्टेनलेसच घ्या, तिथे काकांना पूर्ण अनुमोदन.

भट्टीवाले काका

ताई, कलमाच्या कामाला तुमचंच बरोबर. मी खिशातल्या चाकूचा विचार करत होतो. बायमेटलचं सांगितलंत ते फार बरं झालं, त्यात भले भले फसतात. ओळखायला सोपं आहे: कडा जरा घासून पॉलिश करा आणि साध्या व्हिनेगरमध्ये ठेवा. दातांकडची पट्टी आणि पाठ वेगवेगळ्या रंगाची दिसली की बायमेटल.

हापूसवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, टोक बघितलं. निळं आहे. चांगलं नखाएवढं निळं. त्या टोकाने गोणीची शिवण उसवायला घेतली की ते का वळतं याचा उलगडा आज झाला.

तर १४सी२८एन किंवा १२सी२७ बघतो. ओपिनेल ८ नंबर डोळ्यासमोर आहे, पातं साडेआठ सेंटिमीटर, खिशात जड नाही. कलमं मी स्वतः बांधत नाही, कलमकार येतात, त्यामुळे ताईंचा दुसरा चाकू त्यांच्याकडेच राहू दे.

दोन शंका. ओपिनेलची मूठ लाकडी, ती पावसात फुगेल का? आणि दगडावर कोन कसा धरायचा? व्हिडिओत सगळे 'पंधरा अंश' म्हणतात, माझ्या हाताला अंश कसे कळणार?

भट्टीवाले काका

मूठ फुगते. ओपिनेल फ्रान्सच्या साव्हॉय भागातलं, झोझेफ ओपिनेलने १८९० मध्ये सुरू केलेलं, तिथे आपल्यासारखा चार महिन्यांचा पाऊस नाही. लाकूड फुगलं की पातं खाचेत आवळतं आणि नखाने उघडत नाही. तेव्हा मुठीची मागची बाजू, कडी नसलेली, टेबलावर हलकेच आपटायची. पातं थोडं बाहेर येतं, मग दोन बोटांनी ओढायचं. घेतल्या घेतल्या खाचेत आणि बिजागरीभोवती जवसाचं तेल पाजून उन्हात ठेव, बराच फरक पडतो. स्टेनलेसवाला घे. त्यांचा कार्बनचाही येतो, दिसायला सारखाच, पात्यावरची अक्षरं वाचून घे, 'इनॉक्स' लिहिलेलं पाहिजे. आणि मुठीच्या तोंडावरची पोलादी कडी फिरवल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. ती १९५५ पासून आहे, त्याआधीच्या चाकूंना नव्हती. ती न फिरवता टोकाने काही खुपसायला गेलास तर पातं बोटांवर मिटतं.

लाकूड नकोच असेल तर प्लास्टिकच्या किंवा जी-१० च्या (काचधाग्यांचा कडक थर) मुठीत १४सी२८एनचे चाकू तुझ्या बजेटच्या आसपास मिळतील.

कोनाचं: अंश विसर, पट्टी घे. पात्याची रुंदी मोज. रुंदी २० मिलिमीटर असेल तर पाठ दगडापासून साधारण ५ मिलिमीटर वर धर, पंधरा अंश झाले. ७ मिलिमीटर धरलीस तर वीस. तुझ्या सुतळी-गोणीच्या कामाला मधलं काहीतरी, ६ धर. पहिल्यांदा पात्याच्या काठावर मार्कर फिरव आणि दोनदा घास. शाई कुठून गेली ते बघ. वरून गेली आणि धारेवर राहिली तर पाठ आणखी उचल. धारेवरूनच गेली तर जरा खाली घे.

एका बाजूने घासत राहायचं, दुसऱ्या बाजूला अंगठ्याला बारीक बर, म्हणजे धारेवरून पलीकडे वळलेली खरखरीत कड, लागेपर्यंत. अंगठा पाठीकडून धारेकडे, बाहेर सरकवायचा, धारेच्या लांबीत नाही. बर मुठीपासून टोकापर्यंत लागली की बाजू बदल. नवशिके बर यायच्या आधीच बाजू बदलतात आणि मग तासभर घासूनही धार नाही म्हणतात. शेवटी हलक्या हाताने एकेक फेरी आलटून पालटून, म्हणजे बर झडते. मग जुना चामड्याचा पट्टा.

झाली का नाही बघायला कागद कापू नकोस. दिव्याखाली धार आपल्याकडे करून धर. धारेवर कुठेही पांढरा ठिपका किंवा रेघ चमकली तर तिथे ती अजून बोथट आहे, तो चपटा भाग उजेड परत फेकतो. धार पूर्ण आली की दिसतच नाही, नुसती काळी कड.

नियमावर_बोट

पोलादातलं कळत नाही, पण कायद्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचा उल्लेख आहे, आणि घरगुती वा शेतीच्या कामाची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. तुमचा साडेतीन इंचांच्या आतला चाकू त्यात येत नाही. मात्र सणावाराला, निवडणुकीला जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७(१) चे मनाई आदेश निघतात, त्यात सुरे बाळगायलाही बंदी असते. तेव्हा बागेतून थेट बाजारात जाताना चाकू घरी ठेवलेला बरा. खटक्याने उघडणारा तर घेऊच नका, बागेत त्याचं कामही नाही आणि नाक्यावर पोलिसाला समजावता येणार नाही. विमानात केबिन बॅगेत कुठलाच चालत नाही.

हापूसवाला

हे चांगलं सांगितलंत. तालुक्याला जाताना खिसा चाचपायची सवय लावतो.

आणखी एक विचारायचं राहिलं. कैरी तोडताना, काडी कापताना पात्यावर चीक बसतो, वाळला की काळा, चिकट. पाण्याने जात नाही. मी आजवर दुसऱ्या चाकूने खरवडायचो.

कलमवाली

खरवडू नका, चरे पडतात आणि त्या चऱ्यांत पाणी थांबतं. चीक तेलात सुटतो. पात्याला खोबरेल लावून पाच मिनिटं ठेवा, फडक्याने पुसा. फारच जुना असेल तर रॉकेल किंवा स्पिरिट, मग साबणाने धुवा, कारण त्याच चाकूने तुम्ही कैरी खाणार. बिजागरीत गेलेला चीक काढायला दात घासायचा जुना ब्रश. शेवटी बिजागरीतही खोबरेलचाच थेंब सोडा, मशीनचं तेल नको, तेही फोडीला लागतं. थंडीच्या पहाटे खोबरेल थिजलं तरी घाबरू नका, ऊन लागलं की सुटतं.

पातेवेडा

काकांचा दगडाचा मुद्दा मान्य, मी इथे डायमंड प्लेटच वापरतो आणि ते लिहायचं सुचलंच नाही. हापूसवाले, मी गणपतीला कणकवलीला घरी येतोय. एक प्लेट आणू का तुमच्यासाठी? १४सी२८एनला चालेल ना, काका? की मऊ पोलादाला जास्त खाईल?

भट्टीवाले काका

चालेल की. दाब देऊ नये एवढंच, प्लेटचं आणि पात्याचं दोघांचंही आयुष्य त्यावर आहे. दोन बाजूंची आण, एक ४०० ग्रिट आणि एक १०००, आकडा मोठा तेवढी प्लेट बारीक. नवी प्लेट सुरुवातीला जरा जास्त खरडते, तेव्हा पहिले काही दिवस हापूसवाल्याने ती कोयत्यावर वापरावी, मग चाकूवर. आणि डी २ फेकू देऊ नकोस त्याला. निळं टोक पाणी मारत मारत घासून काढलं की मागे चांगला माल शिल्लक आहे. पाऊस संपला की खोके फाडायला तोच.

हापूसवाला

आणा, आणा! पैसे आल्यावर देतो. आणि मे महिन्यात आलात तर पेटी आमच्याकडून.